यूएसएचे डॉक्टर

बदलापूर लोकलच्या डब्यात पीएचडी करणारा माणूस ओळखायला फार अक्कल लागत नाही. मांडीवर सॅक, सॅकमध्ये स्पायरल बाईंडिंग केलेला गठ्ठा, आणि अंबरनाथ यायच्या आत शेजारच्यानं एकदा तरी विचारलेलं असतं, "मग, कुठवर आलं?" लग्नाच्या वयाची मुलगी घरात असली की तिच्या आईला ज्या सुरात "कुठं बघताय का?" म्हणून विचारतात, तोच हा सूर. उत्तरही ठरलेलं. "चाललंय. तिसरं प्रकरण झालं." तिसरं प्रकरण गेल्या गणपतीतही झालेलंच होतं, पण विचारणारा सभ्य असतो. तो विषय बदलून पाण्याच्या टँकरवर येतो.

ही मंडळी वाढली त्याला कारणं बरीच आहेत. एक कारण सरकारी. विद्यापीठांच्या विभागांत सहायक प्राध्यापक व्हायचं तर जुलै 2021 पासून पीएचडी पाहिजेच, असा नियम यूजीसीनं 2018 मध्ये काढला. लोकांनी धावपळ करून 'पेट' ही प्रवेशपरीक्षा दिली, गाईड शोधले, सासरच्यांना समजावलं. मग कोविड आला आणि मुदत 2023 वर गेली. मग 2023 आलं, आणि सक्तीच उठली; नेट-सेट असली तरी चालेल म्हणाले. तोवर आमच्या लाइनवरचे निम्मे लोक दुसऱ्या प्रकरणात कंबरेपर्यंत रुतले होते. मागे फिरायला जागा नाही, पुढे दिसत काही नाही. सकाळच्या गाडीत दारापर्यंत पोचू न शकलेल्या माणसाला हा अनुभव नवा नव्हता.

पण नियमासाठी पीएचडी करणाऱ्यांपेक्षा मला हौसेनं करणारे जास्त आवडतात. त्यांची पार्श्वभूमी आणि त्यांचा विषय यांचा काही म्हणता काही संबंध नसतो. अंबरनाथच्या एमआयडीसीत केमिकल कंपनीत शिफ्ट करणारा एक जण संतसाहित्यावर लिहितोय. रात्रपाळीला रिॲक्टरचं तापमान अर्ध्या अर्ध्या तासानं वहीत लिहायचं आणि मधल्या वेळात नामदेव गाथा. त्याच्या नोट्समध्ये अभंगाशेजारी समासात '72 अंश' असं लिहिलेलं मी पाहिलंय. बदलापूरच्या एक बाई बँकेतून व्हीआरएस घेऊन बालसाहित्याकडे वळल्यात. त्यांच्या संदर्भसूचीचा ताळेबंद रोज संध्याकाळी जुळतो, आणि नाही जुळला तर त्या झोपत नाहीत.

अमेरिकेत अशा लोकांसाठी एक अख्खा विषयच काढून ठेवलेला आहे. अमेरिकन स्टडीज. म्हणजे आपल्याच देशाचा अभ्यास करून आपल्याच देशात डॉक्टर व्हायचं. हार्वर्डनं 1940 मध्ये हेन्री नॅश स्मिथ यांना 'अमेरिकन सिव्हिलायझेशन'मध्ये डॉक्टरेट दिली. पश्चिमेकडच्या मोकळ्या जमिनीबद्दल अमेरिकन लोकांच्या डोक्यात काय काय स्वप्नं होती, याचा त्यांचा अभ्यास. तिथून जे दार उघडलं ते उघडलंच. इतिहास, वाङ्मय, सिनेमा, रस्ते, बेसबॉल, खाणं, काहीही चालतं. जॅनिस रॅडवे नावाच्या बाईंनी एका गावातल्या प्रेमकथा वाचणाऱ्या बायकांना गाठलं, तुम्ही या कादंबऱ्या का वाचता म्हणून विचारलं, आणि 1984 मध्ये त्यावर पुस्तक काढलं. ते आजही अभ्यासाला असतं. एरिका डॉस यांनी एल्विस प्रेस्लीच्या भक्तांवर लिहिलं. भक्तांनी घरात मांडलेल्या त्याच्या फोटोंपासून सगळं. अशा विभागात शिकायला येणारेही असेच भेळमिसळ: कुणी आधी वर्तमानपत्रात, कुणी शाळेत, कुणी म्युझियममध्ये, कुणी बँडमध्ये.

हे मी डब्यात सांगितलं तेव्हा चौथ्या सीटवर अर्धे टेकलेले एक काका गंभीर झाले. "म्हणजे आम्ही चंद्रकांत काकोडकर वाचायचो ते संशोधन होतं?"

"फील्डवर्क होतं, काका."

"आणि वडिलांनी मारलं ते?"

ते मात्र कशात बसवायचं हे कुणालाच सांगता आलं नाही. केमिकलवाला म्हणाला, संशोधनातल्या अडचणी असं वेगळं प्रकरण असतं, त्यात टाकता येईल.

आपल्याकडे अमेरिकेचा अभ्यास म्हणजे इतकी वर्षं एकच वाट होती, हैदराबादची. उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात 1964 मध्ये अमेरिकन स्टडीज रिसर्च सेंटर निघालं आणि देशभरातले इंग्रजीचे प्राध्यापक सुट्टी लागली की वळकटी बांधून तिकडे निघाले. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांतही कॉलेजात एक 'हेमिंग्वेवाले सर' असत, एक 'सॉल बेलोवाले', नंतर एक 'टोनी मॉरिसनवाल्या मॅडम'. समुद्र न पाहिलेल्या सरांनी समुद्रातल्या म्हाताऱ्यावर तीनशे पानं लिहिली. यात हसण्यासारखं काही नाही. आपण सगळेच न पाहिलेल्या गोष्टींवर जास्त आत्मविश्वासानं बोलतो.

या प्रबंधांत एक विषय फार लाडका. आधुनिक माणसाचा एकाकीपणा. अमुक लेखकाच्या कादंबऱ्यांतला एकाकीपणा, तमुक लेखकाच्या कादंबऱ्यांतला एकाकीपणा, दोघांच्या एकाकीपणाचा तौलनिक अभ्यास. अंबरनाथ पश्चिमेला वन रूम किचनमध्ये सात माणसांत वाढलेला माझा एक मित्र यावर पाच वर्षं काम करत होता. लिहायला घरात जागा नाही म्हणून तो पहाटेची गाडी पकडून उलटा बदलापूरला जायचा, म्हणजे डाऊन करून यायचा, आणि खिडकीत बसून महानगरातल्या माणसाला माणूस कसा भेटत नाही हे वाचत कुर्ल्यापर्यंत जायचा. उल्हासनगरला त्याच्या मांडीवर कुणाचा तरी डबा, विठ्ठलवाडीला कुणाची तरी छत्री, कल्याणला खांद्यावर कुणाचं तरी डोकं. "एकदा तरी मला तो एकाकीपणा मिळू दे रे," तो म्हणायचा, "प्रत्यक्ष अनुभव म्हणून."

आता हैदराबादलाच जायला हवं होतं का, हा माझा जुना प्रश्न आहे. कारण यूएसए तर इथंच आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित येऊन राहिले. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी कोनशिला बसवली आणि कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं. पत्त्यात बराक नंबर आजही लिहितात. या गावानं जे जे परदेशी म्हणून बाजारात मिळत होतं ते ते करून दाखवलं, आणि 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद माझ्या आजोबांच्या पिढीनं ऐकला, वडिलांच्या पिढीनं सांगितला आणि आमच्या पिढीनं त्याच बनावटीच्या बॅगा खांद्याला लावून कॉलेज केलं. चेन तेवढी पहिल्या सेमिस्टरला जायची.

इथल्या संशोधनाचं खरं केंद्र विद्यापीठात नाही, कॅम्प तीनमधल्या एका झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात आहे. दहा बाय आठचा गाळा, दोन कॉम्प्युटर, एक बाईंडिंगचं यंत्र, झुलेलालची तसबीर, आणि काउंटरमागे साईं. साईंचं स्वतःचं शिक्षण बारावी कॉमर्स. पण इतिहास, मराठी, इंग्रजी, सिंधी, अर्थशास्त्र, कॉमर्स, ग्रंथालयशास्त्र, सगळ्यांचे प्रबंध त्यांच्या बोटांखालून गेलेत. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, पाठीवर वर्ष. त्यांच्याइतका आंतरविद्याशाखीय माणूस मी पाहिला नाही.

एकदा मी आधार कार्डाची झेरॉक्स काढायला उभा होतो. समोर एक मॅडम आपलं पहिलं प्रकरण तपासत होत्या. साईं म्हणाले, "मॅडम, आपका चॅप्टर वन सबके जैसा है. मैं टाइप करते करते सो गया था, हाथ चालू था. देखो, एक भी मिस्टेक नहीं."

मॅडम हिरमुसल्या. साईंनी समजूत घातली. "टेंशन मत लो. चॅप्टर फोर में आपने खुद लिखा है, वो समझ में आता है. उधर मेरी बहुत मिस्टेक हुई."

समीक्षेचा इतका रोखठोक निकष मला कुठल्या ग्रंथात सापडलेला नाही. साईंना यूजीसीचा 2018 चा उचलेगिरीविरोधी नियमही पाठ आहे: दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, वर गेलं की भानगड. "टेन परसेंट तक धंदे में भी चलता है," हे त्यांचं भाष्य. आणि ऋणनिर्देश ते फुकट टाइप करतात. म्हणतात, त्यात खरी गोष्ट असते. पहिल्या परिच्छेदात गाईड, मग प्राचार्य, मग ग्रंथपाल, मग आई-वडील, आणि सगळ्यात शेवटी, पान संपता संपता, बायको. नवऱ्याचे आभार मात्र बायका दुसऱ्याच परिच्छेदात मानतात. का, ते साईंनी सांगितलं नाही. ते म्हणाले, "इस पे कोई पीएचडी करो, बाइंडिंग मैं फ्री में देगा."

अंबरनाथला या संशोधनाची तऱ्हा वेगळी. गाव कारखान्यांचं, त्यामुळे माणसं हातानं विचार करतात. ऑर्डनन्स फॅक्टरीतून टर्नर म्हणून रिटायर झालेले एक गृहस्थ शिवमंदिरावर इतिहासाची पीएचडी करतायत. देवळातला शिलालेख शके 982 चा, म्हणजे इसवी सन 1060 चा, शिलाहार राजा माम्वाणीच्या काळातला. मुंबई सरकारनं 1868 मध्ये इथल्या कोरीवकामाची चित्रं आणि साचे करवून घेतले होते. हे सगळं आमचे काका सांगतात, पण त्यांचं खरं प्रेम दगडाच्या फिनिशिंगवर. मला एकदा घेऊन गेले. उन्हाची वेळ, वालधुनी नदीचा वास, आणि काका एका खांबावर अंगठा फिरवत उभे.

"हा बघ. चारी बाजूंनी सारखा. साला, लेथ नाही, गेज नाही. आमच्या शॉपला हा जॉब आला असता तर दोनदा रिजेक्ट झाला असता."

"काका, प्रबंधात हे येणार का?"

"येतं ना. पण गाईड म्हणतात, 'टॉलरन्स' शब्द काढा, 'सौंदर्यदृष्टी' घाला." काका खांबाला टेकले. "सौंदर्यदृष्टी मायक्रॉनमध्ये कशी मोजायची?"

हा वाद अजून मिटलेला नाही. माझं मत काकांच्या बाजूनं आहे. भूमिज शैलीवर लिहिणारे बरेच सापडतील, पण त्या शिल्पकाराला सहकारी मानून त्याच्या कामात खोट काढायला बघणारा आणि ती न सापडल्यानं वैतागणारा अभ्यासक एखादाच.

याच गावात विम्को नाका आहे. रिक्षावाले दिवसातून शंभरदा ते नाव घेतात. स्वीडिश मॅच कंपनीनं 1920 च्या दशकात इथं 'विम्को' हा काड्यापेट्यांचा कारखाना घातला. 'शिप' छाप आगपेटी माहीत नसलेलं मराठी स्वयंपाकघर तेव्हा नव्हतं. त्या स्वीडिश कंपनीचा धनी इव्हार क्रूगर. जगाचा काड्यापेटीचा राजा. देशोदेशीच्या सरकारांना कर्ज द्यायचा आणि बदल्यात काडीचा मक्ता घ्यायचा. पैसा कुठून? न्यूयॉर्कमध्ये कंपनी काढून अमेरिकन लोकांना रोखे विकून. 1932 मध्ये त्यानं पॅरिसमध्ये स्वतःला गोळी घातली, मग हिशेबाच्या वह्या उघडल्या गेल्या, आणि त्यातल्या गोलमालानं अमेरिकेतले हजारो लोक बुडाले. 1933 आणि 1934 मध्ये तिथं रोखेबाजाराला वेसण घालणारे जे कायदे झाले, त्यांच्यामागे जी लफडी होती त्यांत हे एक ठळक. आता सांगा, वॉल स्ट्रीटच्या इतिहासाचं एक टोक विम्को नाक्यावर वडापावच्या गाडीशेजारी पडलेलं असताना आम्ही एकाकीपणा शोधायला हैदराबादला का जावं?

2023 च्या डिसेंबरात नागपूरला विधान परिषदेत पीएचडी करून ही मुलं काय दिवे लावणार, अशा अर्थाचा सवाल झाला, गदारोळ उठला, मग दिलगिरीही आली. बाकी महाराष्ट्राला राग आला. अंबरनाथ मात्र या प्रश्नाचं उत्तर द्यायला पूर्वापार लायक गाव आहे. पेटी आमचीच होती.

उलट दिशेची वाहतूकही आहेच. एलिनॉर झेलियट यांनी 1969 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आंबेडकरांच्या चळवळीवर प्रबंध दिला. मॅक्सीन बर्नसन फलटणची मराठी अभ्यासायला आल्या आणि फलटणच्याच झाल्या, गेल ऑम्व्हेट कासेगावच्या. ॲन फेल्डहाउस यांनी शं. गो. तुळपुळ्यांबरोबर जुन्या मराठीचा कोश केला, 1999 मध्ये. तिकडे गेलेल्यांत तर आमच्या शेजारच्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी सगळ्यांच्या आधी. 1886 मध्ये त्या फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या तेव्हा त्यांचा प्रबंध हिंदू प्रसूतिशास्त्रावर होता. श्रीधर व्यंकटेश केतकर कॉर्नेलला गेले आणि जातिसंस्थेच्या इतिहासावर लिहून आले. आंबेडकर 1913 मध्ये कोलंबियात पोचले. अमेरिकेत जाऊन अमेरिकेवर लिहावं असं या तिघांपैकी एकालाही वाटलं नाही.

बदलापूर पश्चिमेचा एक मुलगा याच धाग्यावर काम करतोय. 1946 मध्ये आंबेडकरांनी कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंत ड्यू बॉइस यांना पाठवलेलं पत्र, 1972 ची दलित पँथर आणि तिच्या नावामागचे ब्लॅक पँथर, जनार्दन वाघमारे यांचं अमेरिकन निग्रो साहित्यावरचं 1978 चं पुस्तक. त्याला विचारलं, हा विषय कुठून सुचला? म्हणाला, "आजोबांच्या ट्रंकेतून. खाली पँथरची पत्रकं होती, वर माझ्या बारशाची टोपडी." डब्यात त्याची कुणी चेष्टा करत नाही. कारण त्याचं तिसरं प्रकरण खरंच झालेलं आहे.

त्याला लागणारी जुनी मासिकं बदलापुरातच मिळतात, श्याम जोशी यांनी उभ्या केलेल्या 'ग्रंथसखा'त. दुर्मिळ मराठी पुस्तकं आणि नियतकालिकं चाळायला लोक लांबून गाडी पकडून येतात. बदलापूरला मुंबईहून जे कुणी आपण होऊन येतात, त्यातले बहुतेक पावसाळ्यात कोंडेश्वरला आणि बाकीचे इथं. काही पुस्तकं मात्र शिकागोच्या कॅटलॉगमध्ये पटकन दिसतात. त्यामागेही अमेरिकाच. पीएल-480 खाली आपण अमेरिकन गहू रुपयांत घेतला, ते रुपये इथंच साठले, आणि 1962 पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसनं त्यातून भारतीय पुस्तकं विकत घेऊन तिकडच्या विद्यापीठांना पाठवली. आपल्या आज्या रेशनच्या रांगेत मिलो ज्वारीला नावं ठेवत उभ्या होत्या, तेव्हा त्याच पैशातून मराठी कथासंग्रह बोटीत चढत होते.

गव्हावरून आठवलं. आमच्या डब्यात वनस्पतिशास्त्राची एक मुलगी येते, तिला रुळाकडेचं गाजर गवत दिसलं की राहवत नाही. सगळे म्हणतात ते पीएल-480 च्या गव्हातून आलं. ती म्हणते, पुण्यात त्याची नोंद 1955 ची, आणि तो करार झाला ऑगस्ट 1956 मध्ये. मग गवत करारावर सही व्हायच्या आधी कसं आलं? कुणी म्हणतं, 1951 मध्ये कर्जावर गहू आला होता, त्यातून. या मुद्द्यावर एकदा वांगणीहून चढलेल्या भाजीवालीनं निकाल दिला: "अगं, घुसायचं ठरवल्यावर कागदं कोण बघतंय!"

राहता राहिली जीन्स. कॅम्प पाचमध्ये जीन्स शिवणारी, धुणारी, रंगवणारी युनिटं गल्लोगल्ली होती. वालधुनीच्या प्रदूषणाचं प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं आणि धुलाईची बरीच युनिटं बंद झाली. अशाच एका बंद युनिटच्या मालकाची मुलगी टोनी मॉरिसनवर पीएचडी करत होती. परवा तिनं विषय बदलायचं ठरवलं. तिचं म्हणणं: 20 मे 1873 ला तांब्याच्या रिवेटवाल्या पॅंटचं पेटंट मिळालं ते लेवी स्ट्राउस आणि जेकब डेव्हिस यांना. एक बव्हेरियातून आलेला व्यापारी, दुसरा रीगाहून आलेला शिंपी. म्हणजे अमेरिकेची ही राष्ट्रीय विजार बाहेरून आलेल्या दोघांनी काढली. आणि आपल्याकडे तिचा बाजार मांडला तो सगळं मागे टाकून बराकीत आलेल्या माणसांनी. एका यूएसएवरून दुसऱ्या यूएसएवर प्रबंध. गाईडनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "पण प्राथमिक साधनं कुठं मिळणार? अमेरिकेत जावं लागेल."

ती म्हणाली, "सर, पप्पा घरीच असतात."

पप्पांना आधी आनंद झाला. तीस वर्षांचा धंदा, कुठल्या रसायनानं कसला फेड येतो, बटण दिल्लीहून का आणि चेन कुठून, सगळं सांगायला तयार. मुलीनं रेकॉर्डर लावला आणि नियमाप्रमाणे संमतीपत्र पुढे केलं: माहिती स्वेच्छेनं देत आहे, नाव गुप्त ठेवलं जाईल, कुठलाही मोबदला नाही. पप्पांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. मोबदला नाही हे कलम मुलीला मोठ्यानं वाचून दाखवलं. मग रेकॉर्डर बंद करायला लावून कागद घडी घालून खिशात टाकला आणि सीएकडे पाठवला. सीएनं दोन दिवसांनी परत केला, पेन्सिलीनं एक शंका काढून: ही सर्व्हिस एक्स्पोर्टमध्ये धरायची का?